जहाजावर पाखरू चालणार नाही

अक्कानं पिशवीची चेन उघडली आणि मला मुंबईचं बंदर दिसलं.

म्हणजे मी मिरजेतच होतो. माझ्या खोलीत, पाठीला तीन उशा लावून. पण डोळे मुंबईत, कान मुंबईत आणि आवाजही मुंबईत. गेली सात वर्षं माझं हे असंच चाललंय, त्यामुळे मला त्यात काही विशेष वाटत नाही. नवख्या माणसाला मात्र समजावून सांगावं लागतं.

तर मी रणधीर खराडे. वय एक्कावन्न, पेशानं वायरमन. आठ वर्षांपूर्वी, २०३३ साली, खांबावरून पडलो. पट्टा बांधला नव्हता, चूक माझीच. मानेतला कणा मोडला आणि मानेखालचं सगळं गेलं. डॉक्टरांनी चित्रं काढून समजावलं, पण मला आपल्या धंद्याच्या भाषेत लगेच कळलं. सबस्टेशन चालू आहे, लाइन तुटली आहे. हात उचलायचं मनात आणलं की मेंदूत करंट सुटतो, आजही सुटतो, फक्त हातापर्यंत पोचत नाही.

पुढच्या वर्षी माझ्या मेंदूवर केसाहून बारीक तारांची एक जाळी बसवली. सुटलेला करंट ती जाळी टिपते, उशाशी ठेवलेली डबी त्याचा अर्थ लावते आणि उपग्रहामार्फत एका ड्रोनला हुकूम जातो. सुरुवातीला डबीला माझं डोकं वाचता येईना. दोन महिने मी मनातल्या मनात उजवा हात वर, डावा हात खाली करत पडून राहिलो आणि ती शिकत गेली. आता हात उचलायचं मनात आणलं की ड्रोन वर जातो, पाऊल टाकायचं मनात आणलं की पुढं. त्याला दिसतं ते माझ्या चष्म्यात दिसतं, मी बोलतो ते त्याच्यातून ऐकू जातं. पेरूएवढं यंत्र, चार पंखे आणि एक कॅमेरा. आमच्या गल्लीत सगळे त्याला पाखरू म्हणतात, आणि हळूहळू मलाही पाखरूच म्हणायला लागले.

मी मग कुठं कुठं नाही गेलो! भाजी बाजारात गेलो, नाटकाला गेलो, दोस्ताच्या बापाच्या मयताला गेलो. चार वर्षांपूर्वी कायदाच झाला, की असं यंत्र म्हणजे त्या माणसाचा अवयव. बसमध्ये, देवळात, कोर्टात, कुणी अडवायचं नाही. त्यामुळे माझी मान जरा ताठच होती. तेवढी एकच गोष्ट ताठ करता येते म्हणा.

आणि आता लग्न होतं. माझी भाची ईश्वरी, अक्काची एकुलती एक. ती चार वर्षांची असताना दाजी गेले. तेव्हापासून शाळेत सोडणं, सायकल शिकवणं, शेपूची भाजी खायला लावणं, सगळं माझ्याकडं. पोरीनं लग्नासाठी जहाज निवडलं. मिरज-सांगलीतली मंगल कार्यालयं काय ओस पडली होती का? पण नाही. ‘सिंधुगौरी’ नावाचं जहाज, आज मुंबई, उद्या दिवसभर गोवा आणि परवा भर समुद्रात अकरा सतराचा मुहूर्त. मी म्हटलं, कर बाई. मुलीच्या मामाचं काम ठरलेलं असतं. गौरीहरापासून मुलीला मांडवात आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. मला आयुष्यात तेवढं एकच काम नीट करायचं होतं.

“हे काय आहे?” सामान तपासणाऱ्या बाईंनी विचारलं.

“माझा भाऊ,” अक्का म्हणाली.

त्या बाई डिमेलो नावाच्या, वसईच्या. जहाजाच्या सुरक्षा अधिकारी. त्यांनी मला उचलून उलटं करून बघितलं नाही, एवढ्यावरूनच मला त्या बऱ्या वाटल्या.

“नमस्कार खराडेसाहेब,” त्या म्हणाल्या, “पण उडणारं यंत्र जहाजावर चालणार नाही. इथं जमा करायचं, परत जाताना घ्यायचं.”

मी अवयवाचा कायदा कलमासकट म्हणून दाखवला. मागं रांग खोळंबली. डिमेलोबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “ड्रोनचा संपर्क तुटला तर तो काय करतो?”

“जिथून उडाला तिथं परत जातो.”

“तिथं आमचं जहाज असतं का? दहा मिनिटांत आम्ही पावणेचार किलोमीटर पुढं गेलेलो असतो. तो बिचारा बरोबर जागेवर येतो आणि पाण्यात उतरतो.”

“माझं पाखरू जहाज ओळखतं. खास शिकवलंय त्याला.”

“ओळखू दे. एवढ्या उंच जहाजावर वारा आपटतो, आणि डेकवर त्याचे भोवरे होतात. मागच्या हंगामात दुसऱ्या एका जहाजावर असाच एक ड्रोन भोवऱ्यात सापडला आणि जेवणाच्या टेबलावर आला. एका आजीबाईंचा डोळा थोडक्यात वाचला.”

“अहो, लग्न बंद हॉलमध्ये आहे. मी डेकवर येतच नाही!”

“बंद हॉलमध्ये अवयवाला परवानगी आहे. आमच्या नियमातच आहे.” त्या थांबल्या. “पण शरीर कुठंय?”

“मिरजेत.”

“मग कसं चालेल? अवयव एकटा प्रवास करत नाही, साहेब. मालक जहाजावर असेल तर त्याचा हात, पाय, पाखरू, सगळं चालेल. नसेल तर ते सामान. उद्या काही झालं तर मला माणसं मोजावी लागतात. मी तुमचं नाव यादीत लावलं, तर माझी माणसं तुम्हाला शोधायला खालच्या मजल्यावर जातील, आणि तुम्ही आपले मिरजेत.”

बाई बरोबर बोलत होत्या, त्याचाच मला जास्त राग आला.

त्यांनी पडद्यावर बोट फिरवलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. “पण तुमचं नाव यादीत आहे की. रणधीर खराडे, केबिन पन्नास चौदा, चाकाच्या खुर्चीसाठीची. सोबत मल्लाप्पा हुक्केरी. दोघेही आलेले नाहीत, म्हणून लाल दिसतंय. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत गोव्यात चढलात तरी चालेल.”

“अक्का, हे काय आहे?”

अक्का छताकडं बघायला लागली. “मला विचारू नकोस. तुझ्या भाचीला विचार.”

डिमेलोबाईंनी पावती केली आणि मला कपाटात ठेवलं. शेजारी सशाचे कान लावलेला एक गुलाबी ड्रोन होता. दार बंद झालं, अंधार झाला, आणि मी चष्मा काढायला मल्लाप्पाला हाक मारली.

मल्लाप्पा म्हणजे माझे हातपाय. जतच्या पलीकडचा, साठीला आलेला गडी. मला उठवतो, धुतो, भरवतो. या खोलीत सात वर्षांत त्याच्याशिवाय आणि डॉक्टरशिवाय कुणी आलेलं नाही. अक्कासुद्धा नाही. ती जेवणाचा डबा दाराशी ठेवते, आणि मी पाखरू होऊन बाहेर व्हरांड्यात जातो आणि तिच्याशी गप्पा मारतो. हे वाचून तुम्हाला चमत्कारिक वाटेल. आम्हाला वाटत नव्हतं.

मी त्याला ईश्वरीला फोन लावायला सांगितलं.

“तुला नियम माहीत होता?”

“होता,” ती म्हणाली. “पैसे भरायच्या आधी वाचला. निनादलापण वाचून दाखवला.” निनाद म्हणजे होणारे जावई.

“म्हणजे मुद्दाम हे जहाज निवडलंस?”

“मुद्दाम.”

“अगं, मी येणार नाही म्हणून दोनदा सांगितलं होतं!”

“तीनदा. तरीपण केबिन घेतली.”

“लाज नाही वाटत? मामाला कपाटात कोंडतेस?”

“कपाटात पेरू आहे, मामा. तू नाहीस.” तिचा आवाज चढला. “आठ वर्षं झाली, मी तुझा चेहरा बघितलेला नाही. तू माझा रोज बघतोस. मी नापास झाले तेव्हा बघितलास, मला कांजिण्या झाल्या तेव्हा बघितलास. आणि मी कुणाकडं बघून बोलायचं? चार पंख्यांकडं?”

मला जे कधीच बोलायचं नव्हतं ते मग तोंडातून निघून गेलं. “तूच पळाली होतीस, इशू.”

मी कशाबद्दल बोलतोय ते तिला लगेच कळलं.

अपघातानंतर महिनाभरानं ती दवाखान्यात मला पेज भरवत होती. एकोणीस वर्षांची पोर. मला ठसका लागला, पेज नाकातोंडातून बाहेर आली, छातीवर सांडली, आणि मला ती पुसता येईना. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बघितलं. वाटी टाकून ती बाहेर पळाली. त्या दिवशी मी ठरवलं की आपल्या माणसांना हे पुन्हा बघायला लावायचं नाही. पाखरू आलं तेव्हा मला वाटलं, देव पावला. आता मी सगळीकडं असेन आणि कुणाला दिसणार नाही.

“पळाले होते,” ईश्वरी म्हणाली. “घाबरले होते. किळसपण आली होती, खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्या दिवशी परत आलेच होते ना? दोन तास दाराबाहेर बसले होते. तू आत घेतलं नाहीस.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस.” ती नाक ओढत होती. “बरं, राहू दे. तू नसशील तर प्रतापमामा उभा राहील. तो फेटा घेऊनच आलाय.”

“प्रताप?” प्रताप माझा चुलतभाऊ. “त्याला मंगलाष्टकं चालू असताना जांभया येतात!”

“येऊ देत. दिसतो तरी,” असं म्हणून तिनं फोन ठेवला.

त्या संध्याकाळी मला खूप वाईट वाटलं. राग तिचा होताच, पण त्याहून जास्त माझाच आला. मी लोकांना सांगत होतो, बघा, विज्ञानानं मला घराबाहेर काढलं. खरं म्हणजे त्याच यंत्राच्या जिवावर मी दाराला आतून कडी लावून बसलो होतो. अर्थात असं कळलं म्हणून माणूस लगेच उठून निघतो असं नाही. मी तर उठूच शकत नाही.

“मल्लाप्पा, आरसा आण.”

“आरसा कुठला आणू? तुम्हीच काढायला लावला की.” पण त्यानं स्वतःच्या पिशवीतला दाढीचा आरसा आणून माझ्यासमोर धरला. मी बघितलं. गाल आत गेलेले, दाढी पांढरी, मान एकीकडं कललेली. त्यानं आरसा खाली नेला तसे हात दिसले, काटक्यांसारखे, बोटं आत वळलेली. मी एके काळी रस्सीखेचीत सगळ्यात मागं उभा राहायचो. मला स्वतःचीच दया आली आणि ती मला अजिबात आवडली नाही.

“सकाळी सहाला निघालं तर दुपारी एकपर्यंत गोवा,” मल्लाप्पा आरसा पुसत म्हणाला. “गाडी सांगून ठेवलीया.”

“कुणी?”

“ईश्वरीताईंनी. महिना झाला.”

“तूपण सामील होतास?”

“मग काय करू? तुम्ही नुसते ओरडता. त्या रडत्यात.”

मी त्याला दिवा मालवायला लावला. पहाटे म्हणालो, “दाढी कर.”

प्रवासाचं वर्णन करत नाही. माझ्यासारख्या माणसाला सरळ बसवलं की रक्त पायात उतरतं आणि शुद्ध हरपते, म्हणून खुर्ची आरामखुर्चीसारखी कललेली ठेवावी लागते. चोर्ला घाटात मी दोनदा बेशुद्ध पडलो आणि एकदा ओकलो. मार्मागोव्याच्या धक्क्यावर लोक माझ्याकडं वळून बघत होते. मी डोळे मिटून घेतले.

“रणधीर खराडे, आले,” डिमेलोबाईंचा आवाज आला. त्यांनी माझ्याकडं नीट, न चुकवता बघितलं आणि यादीत खूण केली. “तुमचा अवयव कपाटात आहे. आता नियमात बसतो. देऊ का?”

आणि तिथं माझ्या डोक्यात किडा वळवळला. शरीर जहाजावर आहे. म्हणजे पाखरू कायदेशीर आहे. म्हणजे मी केबिनमध्ये दार लावून पडद्याआड पडून राहिलो आणि पाखरू हॉलमध्ये पाठवलं, तरी कुणाचं काही चुकत नाही! कालपासून पहिल्यांदा मला हुशारी आली.

“द्या की,” मी म्हणालो. अक्का भेटायला आली, तिला निरोप धाडला की मामा दमलाय, झोपलाय, उद्या वेळेवर हजर होईल. ईश्वरीलाही तेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी पाखरू होऊन गौरीहराच्या खोलीत शिरलो. ईश्वरी पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधून, देवीसमोर तांदूळ वाहत बसली होती. इतकी देखणी दिसत होती की मी जागच्या जागी तरंगत राहिलो.

“आलास?” ती मागं न बघता म्हणाली.

“आलो की. नियमात बसून आलो.”

आता ती वळली. पाखराकडं बघितलं, दाराकडं बघितलं. “बाकीचा कुठंय?”

“पाचव्या मजल्यावर. झालं की आता, तू म्हणालीस जहाजावर ये, मी जहाजावर आलोय.”

तिला राग येईल असं मला वाटलं होतं. राग आला नाही. ती उठली, मला हवेतून अलगद धरलं आणि अक्काच्या हातात दिलं. “आई, हे धर.” आणि निघाली. बाहेरून गुरुजींची हाक आली, “मुलीचे मामा, मुलीला घेऊन या!”, आणि अक्काच्या मुठीतून मला पाठमोरी नवरी पळत जाताना दिसली.

मग थोड्या वेळानं बांगड्या वाजल्या. चष्म्यातून नाही, माझ्या स्वतःच्या कानांना वाजल्या. केबिनबाहेर.

“मल्लाप्पा, कडी काढू नकोस,” मी म्हणालो.

“मला कुठं ऐकू येतंय,” असं म्हणून त्या लबाडानं दार उघडलं.

मी डोळे घट्ट मिटले. तिनं माझा चष्मा काढला. ती पळत नाहीये, एवढंच मला कळत होतं.

“दाढी चांगली केलीय,” ती म्हणाली. “मिशी ठेवायची होतीस.”

मी डोळे उघडले. ती माझ्या हातांकडं बघत होती, त्या वळलेल्या बोटांकडं. बघता बघता ती गुडघ्यावर बसली आणि ढसाढसा रडायला लागली. मीही रडलो. मला कुठं स्वतःचं नाक पुसता येतंय? मल्लाप्पानं एकाच रुमालानं दोघांची नाकं पुसली.

“किती वाजले?” मी विचारलं.

“अकरा दहा.”

“मग रडत काय बसलीस? गुरुजी बोंबलतायत तिकडं!”

तिनं मल्लाप्पाला बाजूला केलं आणि खुर्चीच्या दांड्या स्वतःच धरल्या.

“इशू, हे उलटं होतंय,” मी म्हणालो. “मामानं मुलीला आणायचं असतं.”

“मग आण की. मी नुसती ढकलते.”

हॉलमध्ये शंभरभर माणसं होती. दार उघडलं आणि सगळ्यांच्या माना वळल्या. मला वाटलं, आता त्यांच्या तोंडावर तेच येणार. काहींच्या आलंही. काही लोक खाली बघायला लागले, एका लहान मुलीनं आईला मोठ्यानं काहीतरी विचारलं. अक्का पुढं आली आणि दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. तिचे हात गार पडले होते. पाखरू कुठं ठेवून आली होती कोण जाणे, मी विचारलंही नाही. प्रताप मामाच्या जागेवर आधीच उभा होता. त्यानं मला बघितलं, डोक्यावरचा फेटा काढला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. तो वाकडा बसला. माझ्याबद्दल आयुष्यभर वाईट बोललेला माणूस, पण त्या दिवशी मला त्याचा राग आला नाही.

ईश्वरी पाटावर उभी राहिली. मल्लाप्पानं माझी खुर्ची अगदी तिच्या पाठीशी आणली. अंतरपाट धरला आणि गुरुजींनी सूर लावला.

पहिलं ‘सावधान’ झालं आणि अक्षता आल्या. बहुतेक माझ्या अंगावर पडल्या, आणि अंगावर पडलेलं मला काही कळत नाही. पण काही तोंडावर आल्या. कपाळावर, गालांवर, पापणीवर. ओल्या कुंकवाचे तांदूळ, बारीक आणि गार. गेल्या सात वर्षांत मी शेकडो लग्नांत गेलो होतो. एकाही लग्नात मला एक दाणा लागला नव्हता.

एक तांदूळ ओठावर चिकटून राहिला. मल्लाप्पा रुमाल घेऊन वाकला.

“थांब रे,” मी म्हणालो. “अजून चार मंगलाष्टकं व्हायचीत.”